इंग्रजीचा डावा गाल

"जिभा बाहेर! बाहेर म्हणजे उंबरठ्यावर, बे! अंगणात काऊन सोडून राह्यला? आत घे, आत घे... एवढी नाई! दातात धर! अबे, धर म्हटलं, चावू नको!"

सर ओरडत होते आणि आम्ही नववीची चाळीस पोरं-पोरी जिभा काढून बसलो होतो. त्यातल्या पंधरा जिभा जांभळं खाऊन जांभळ्या झालेल्या, आणि एक माझी, जी सरांच्या मते इंग्रजीला लागते त्यापेक्षा दीड इंच जास्त होती. नेमके तेव्हाच हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. हेडमास्तरांच्या उभ्या नोकरीत पोरांनी त्यांच्या पाठीमागं जिभा पुष्कळ काढल्या असतील. पण समोरून, एकसाथ, आणि शिक्षकाच्या हुकमानं, ही पहिलीच वेळ.

"सर, हे काय होऊन राह्यलं?"

"टी-एच," सर म्हणाले.

"धडा कोणता आहे?"

"धडा नाई. टी-एच."

हेडमास्तर तसेच निघून गेले. जाता जाता व्हरांड्यात त्यांनी इकडंतिकडं पाहून स्वतःची जीभ दातांत धरून पाहिली. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. माझी बायको म्हणते, मी वाढवून सांगतो. वाढवतो, पण मुळातलं असल्याशिवाय वाढवत नाही.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमची शाळा चामोर्शीहून एटापल्लीकडं जाणाऱ्या रस्त्याला. कौलारू. तीन भिंती उभ्या होत्या आणि चौथी मंजूर होती. पावसाळ्यात नाला चढला की आठ-आठ दिवस एसटी बंद. इंग्रजी आमच्याकडं यायची तीसुद्धा त्याच एसटीनं, आणि बहुतेक वेळा न उतरताच परत जायची. दहा वर्षं कोणी इंग्रजीचा मास्तर टिकला नाही. मग सर आले, वरोऱ्याकडचे. मूळचे इतिहासाचे. कुठल्याशा मोठ्या शहरात इंग्रजीच्या मास्तरांसाठी दहा आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं, कोणालाही पाठवा असं पत्र आलं, आणि ज्याच्यावाचून शाळेचं अडणार नव्हतं अशा माणसाला हेडमास्तरांनी पाठवून दिलं. ते सर.

जाताना माणूस गेला होता. परत आलं ते नुसतं तोंड.

सोबत त्यांनी एकच वस्तू आणली होती. नाकापासून गळ्यापर्यंत उभं चिरलेल्या मुंडक्याचं एक चित्र. ते त्यांनी भारताच्या जुन्या नकाशाच्या मागच्या बाजूला मोठं करून रंगवलं आणि फळ्याशेजारी टांगलं. टाळू लाल, जीभ गुलाबी, दात चुन्यानं पांढरे. वारा आला की नकाशा उलटायचा आणि मुंडक्याच्या जागी हिंदुस्थान दिसायचा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात आजही नर्मदा जिभेखालून वाहते.

"इंग्रजी पुस्तकात नाई," सर सांगायचे. "पुस्तकात फक्त तिची सावली आहे. इंग्रजी इथी आहे." आणि ते तोंड उघडून आत बोट दाखवायचे. आम्ही सगळे वाकून आत पाहायचो. आत इंग्रजी दिसत नसे. खर्रा दिसे.

आता खर्रा कोणाला ठाऊक नसेल तर सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटतात, आणि चिमूट गालात ठेवून देतात. आमच्या जुन्या-नव्या दोन्ही जिल्ह्यांत हे अन्नाच्या आधी येतं. सरांचा खर्रा दुसऱ्या तासाला डाव्या गालात बसायचा तो शाळा सुटेपर्यंत. इंग्रजीचा तास तिसरा.

सर समजावून सांगायचे मात्र असं की ऐकत राहावं. "तोंड म्हणजे धानाची बांधी. दात म्हणजे काटेरी कुंपण. कुंपणाच्या आतून जीभ फिरवा. खरबुडा धुरा लागते का? लागला? आता पाहा. आपला त कुंपणाले टेकते. आपला ट धुऱ्याच्या पल्याड, जिभीचा शेंडा उलटा करून. इंग्रजाचा टी दोन्हीकडं नाई जात. तो धुऱ्यावर बसते."

आम्हाला धुरा, म्हणजे शेताच्या बांधासारखा दातांमागचा उंचवटा, सापडला. सगळ्यांनाच सापडला, तो काय लपून थोडाच बसला होता. पण त्यावर बसायचं कसं ते कोणालाच जमेना. सुमन आमच्या वर्गात सगळ्यांत हुशार. तिचे वडील पंचायत समितीत कारकून होते, घरात पेपर यायचा. तिनं हात वर केला.

"सर, इंग्रजाले तिथीच काऊन बसाचं असते? दोन्ही बाजूनं जागा रिकामीच आहे ना?"

तेवढ्यात तास संपला. दुसऱ्या दिवशी ते तो विषय टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या सुमनकडं पाहून म्हणाले, "मले माहीत नाई. पण बसते."

असा मास्तर मी पुन्हा पाहिला नाही. माहीत नाही हे सांगायला दोन दिवस विचार करणारा.

मग पी आला. टेबलावर मेणबत्ती लावायची, तिच्यासमोर तोंड नेऊन 'पेन' म्हणायचं. विझली तर इंग्रजी, नाही विझली तर मराठी. "तलावाचं दार बंद आहे. मागं पाणी तुंबलं. दार उघडलं की धो! ओठ म्हणजे दार. आपण दार हळू उघडतो, म्हणून आपला प कोरडा. इंग्रज धाडकन उघडते." चाळीस पोरांनी चाळीस वेळा 'पेन' म्हटलं. ज्योत जागची हलली नाही. मग बबन नावाच्या पोरानं एकदाच असा 'पेन' म्हटला की मेणबत्ती विझली, हजेरीचं पान उलटलं आणि छपरातून वटवाघूळ खाली पडलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्यांनी मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि म्हणाले, "आता 'स्पेन' म्हण. आता विझू नये."

"काऊन सर?"

"आधी स आला ना. स आला की पीची हवा जाते."

"कुठी जाते?"

सर मुंडक्याच्या चित्राकडं बघत राहिले. हवा कुठं गेली ते त्यात कुठंच दिसत नव्हतं.

तो महिनाभर आमचं डोकं असं फिरलं होतं की काही विचारू नका. मी घरी पाणी मागताना दिवा विझवायचो. झेड शिकवला त्या आठवड्यात प्रत्येकानं आपला गळा धरून बसायचं. स म्हटलं की गळा मुका, झेड म्हटलं की गळ्यात भुंगा. चाळीस जण गळे धरून एकदम 'झ्झ्झ्' करायला लागले. मंजूर असलेल्या चौथ्या भिंतीतून तो आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला आणि शेजारच्या बाया आग्यामोहोळ उठलं म्हणून पोरं घेऊन घरात शिरल्या आणि कडुनिंबाचा धूर केला. त्या धुरात आम्हाला पुढचा व्ही दिसलाच नाही. म्हणून माझा व्ही आजही कच्चा आहे.

आता मूळ गोष्ट. सर म्हणायचे, "कानानं ऐकू नका, कान मराठी आहे. माझ्या तोंडाकडं पाहा. जसं दिसते तसं करा." आम्ही आज्ञाधारक. जसं दिसलं तसं केलं. ओठ तसे, दात तसे, आणि डावा गाल सुपारीएवढा फुगवलेला. कोणी कोणाला विचारलं नाही. खर्रा तर घरोघरचा, त्यानंच सरांचा गाल फुगतो हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमचा पक्का समज असा की मराठी नुसती जिभेनं बोलतात, इंग्रजीला मात्र गालात हवेचा साठा करावा लागतो, आणि तो डावीकडं. बबननं तर त्याचं कारणही शोधलं होतं. इंग्रजी डावीकडून लिहितात म्हणून. मराठीही डावीकडूनच लिहितात, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही.

एकदा सरांची डावी दाढ दुखत होती म्हणून खर्रा उजवीकडं गेला. त्या दिवशी वर्गात केवढा गोंधळ! निम्म्यांनी गाल बदलला, निम्मे डावीकडंच राहिले, दोघं-तिघं दोन्ही फुगवून बसले. तासानंतर सुमन रडवेली होऊन मला म्हणाली, "आत्ता कुठी जमून राह्यलं होतं, आणि यायनं इंग्रजीच बदलली."

सरांना यातलं काही दिसत नव्हतं का? नव्हतं. ते आमच्या गालांकडं पाहतच नव्हते. ते बॅटरी आणि हातआरसा घेऊन आमच्या दातांच्या मागं पाहत असायचे. त्यामुळं गावात भलतंच पसरलं. मंगळवारी सकाळी शाळेच्या पायरीवर एक म्हातारी गाल धरून बसलेली. "माह्या दाढीत कीड आहे, बापू. तुमी लेकराईचे पाहता, माह्यंही पाहा." सरांनी पाहिलं. नाही म्हणता येईना त्यांना. पाहून म्हणाले, "बाई, तुमचा धुरा लय चांगला आहे." म्हातारीची दाढ त्याच दिवशी थांबली. पुढच्या मंगळवारी पायरीवर रांग होती. तीन गावांची, आणि बैलगाडीनं आलेली वेगळी.

हे सगळं चाललेलं असताना दिवाळी उलटली आणि आमचा दुसरा धडा सुरू व्हायचा होता.

सर कायम नव्हते. दर जूनला त्यांचा हुकूम नव्यानं निघायचा. हे तिसरं वर्ष. एक दिवस हेडमास्तरांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. आम्ही खिडकीला होतोच.

"सर, शिक्षण खात्याचे साहेब येऊन राह्यले, सोमवारी. तुमचा तास पाहतील. शेरेबुकात चांगला शेरा पडला तर तुमी कायम. नाई पडला तर जूनमधे वरोऱ्याची एसटी धरा. मी सरळ सांगून राह्यलो."

"हो."

"घरी बाई दिवसात आहे ना तुमच्या?"

"सातवा."

"मंग पाचवा धडा घ्या. पोराईले पाठ करून द्या. साहेबाले तोंड नका दाखवू."

सर म्हणाले, "पण धडा तर कोणीही शिकवते, सर." आणि हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

सरांनी चार दिवस विचार केला. त्या चार दिवसांत त्यांचं वजन वीस किलोनं उतरलं, आणि मूळचे ते पंचेचाळीसचे होते. शनिवारी त्यांनी आम्हाला सांगितलं की सोमवारी साहेबांसमोर आपण ते करून दाखवायचं जे त्या शहरातल्या प्रशिक्षणात त्यांनी एकदाच पाहिलं होतं. कोळसा बारीक वाटायचा, मोहाच्या बियांच्या तेलात कालवायचा, जिभेला फासायचा. मग टी म्हणायचा आणि तोंड उघडायचं. जीभ जिथं टेकली तिथं टाळूवर काळा शिक्का. धुऱ्यावर शिक्का पडला तर इंग्रजी. "कानाले फसवता येते," सर म्हणाले. "शिक्क्याले नाई येत. साहेबानं आपल्या डोळ्यानं पाहावं." असे आनंदात होते ते, जसं घरचं लग्न आहे.

सोमवारी साहेबांची जीप अकराला यायची ती दहालाच आली.

सरांनी तेव्हा नुकत्याच चाळीस जिभा काळ्या करून संपवल्या होत्या आणि बजावलं होतं, गिळू नका, थुंकू नका, टाळूले लावू नका. साहेब आत आले. मागं हेडमास्तर, चेहरा चुन्यासारखा. आम्ही उभे राहिलो आणि शिकवल्याप्रमाणं म्हणालो, "गुड मॉर्निंग, सर." इंग्रजी होती, म्हणून चाळीस डावे गाल फुगले.

साहेब जागीच थांबले. त्यांनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गाल मोजल्यासारखे पाहिले.

"हा काय प्रकार आहे? अख्खा वर्ग तंबाखू खातो? मुलीसुद्धा? थुंका आधी!"

कोणी थुंकेना. सरांनी थुंकू नका म्हटलं होतं.

"हेडमास्तर, मी ही शाळा बंद करीन! थुंका म्हणतो ना! ए मुली, तू. तोंड उघड."

सुमननं तोंड उघडलं. साहेब दोन पावलं मागं सरले. आत अमावास्या होती. त्यांनी बबनचं तोंड उघडायला लावलं. तीच. माझं उघडायला लावलं, आणि माझी जीभ मुळात लांब, ती साहेबांच्या टायच्या गाठीपर्यंत पोचली असती, पण ते वेळीच सरकले.

"हे काय आहे, मुली?"

"कोळसा, साहेब," सुमन म्हणाली. ती खोटं कधी बोलत नसे.

"कोळसा? तोंडात?" साहेबांची नजर फिरली. टेबलावर बॅटरी. शेजारी हातआरसा. वाटीत वाटलेला कोळसा. भिंतीवर दात दाखवणारं मुंडकं. दारात तर आणखी मजा. दिवस सोमवार, पण मंगळवारी गर्दी होते म्हणून एक म्हातारी आदल्या दिवशीच गाल धरून येऊन बसलेली. आणि आमच्याकडं सगळं गाव दात कशानं घासतं? कोळशानं. साहेबांचा चेहरा सावकाश सैल पडला.

"अच्छा... दात. दात घासायची मोहीम आहे का ही?"

हेडमास्तरांनी आयुष्यात एवढ्या लवकर तोंड उघडलं नसेल. अख्खा वर्ग तंबाखू खातो असा शेरा पडला असता तर सरच काय, तेही गेले असते.

"होय साहेब! शाळेचा उपक्रम आहे. तंबाखू सुटावा म्हणून. सरांनीच सुरू केला. गावची माणसं पण येतात, ह्या पाहा बाई."

"वा," साहेब म्हणाले, आणि सरांकडं वळले. "तुम्ही केलंत हे सगळं? हा दातांचाच उपक्रम ना?"

सर आमच्याकडं पाहत होते. पहिल्यांदाच ते आमच्या तोंडाच्या आत न पाहता बाहेरून पाहत होते. चाळीस डावे गाल. त्यांचा हात हळूच स्वतःच्या डाव्या गालावर गेला. तो भरलेला होता. साहेब दोन हातांवर उभे, तंबाखूवर आत्ताच गरजलेले. सरांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. अख्खा खर्रा गिळला त्यांनी. आमच्याकडं खर्रा गिळणारा माणूस तीन दिवस उठत नाही. सरांचा चेहरा आधी हिरवा झाला, मग पिवळा, मग धानाच्या कोंड्यासारखा.

त्यांनी मान हलवली. हो अशी.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं ते हेडमास्तरांनी प्रार्थनेला वाचून दाखवलं: 'दंतस्वच्छतेचा उपक्रम अनुकरणीय आहे. कोळसा थोडा अधिक बारीक वाटावा. अशा शिक्षकास कायम करण्यास हरकत नसावी.' जूनच्या आधीच सर कायम झाले. त्याआधी त्यांना मुलगी झाली. सगळं चांगलं झालं.

फक्त सरांनी तोंड बंद केलं. चौथ्या दिवशी उठून आले आणि त्यांनी दुसरा धडा घेतला, मग तिसरा, मग चौथा. वाचायचे, अर्थ सांगायचे, प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायचे. पाठ करा म्हणायचे. मुंडक्याचं चित्र भिंतीवरच राहिलं, पण हिंदुस्थान वर करून. शनिवारी त्यांना सायकलवर आजूबाजूच्या शाळांत दात पाहायला पाठवू लागले, खात्याचं पत्रच होतं तसं. बॅटरी आणि आरसा घेऊन जायचे बिचारे, एटापल्लीपर्यंत. तिकडची पोरं सांगायची की हे दातवाले सर दात पाहतात आणि काही न बोलता जातात.

आमचा गाल मात्र काही बसला नाही. मी पुढं ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला लागलो. मुलाखतीत मी दोन वाक्यं इंग्रजीत बोललो तेव्हा समोरच्या साहेबांनी मला पाणी दिलं आणि दाढ कधीपासून सुजली म्हणून विचारलं. दाढेच्या दुखण्यातही बोलतो म्हणूनच त्यांनी मला घेतलं असावं. पण क्वार्टरमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, कँटीनमध्ये माझी लोकप्रियता टिकली ती एकाच गोष्टीवर: सरांनी खर्रा गिळला त्या गोष्टीवर. कसा एका खर्र्यामुळं इंग्रजीचा एवढा मोठा जाणता माणूस ऐनवेळी मुका झाला आणि दातांचा मास्तर होऊन बसला. ती गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. लोक पोट धरून हसायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे त्या सोमवारनंतर चारेक वर्षांनी, चामोर्शीच्या बाजारात सर दिसले. सुकी मासोळी घेत होते. कडेवर मुलगी, साहेब आले तेव्हा पोटात होती तीच. सोबत माझे दोन मित्र होते, गोष्ट पाठ असलेले. मी पाया पडलो आणि तिथंच सुरू झालो. मासोळीवाली बाईसुद्धा तराजू धरून ऐकत राहिली. साहेबांचा टाय, चाळीस गाल, म्हातारी, सगळं रंगवून सांगितलं. मित्र हसून हसून खाली बसले. सरही हसले थोडे. मग मी म्हणालो, "खर्रा गिळला म्हणून, सर! नाई तर तुमी साहेबाले तिथीच सांगितलं असतं, हे दात नाई, इंग्रजी आहे म्हणून. बोलताच नाई आलं ना तुमाले!"

सरांनी मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नाई," ते म्हणाले. "बोलता येत होतं."